मुलाच्या चुकीचा न्याय

एखाद्या प्रौढ मनुष्याच्या हातून दुसऱ्याचे नुकसान झाले, तर गावच्या पंचांपुढेही पहिला प्रश्न निघतो तो हा की, ह्याने हे जाणूनबुजून केले, की नकळत झाले? जाणूनबुजून करणाऱ्यास दोष देतात; नकळत करणाऱ्यास समज देऊन सोडतात. मोठ्या माणसांस आपण असा न्याय सहज देतो. परंतु आपल्याच घरातील पाच वर्षांच्या मुलाने पाण्याचा तांब्या लवंडला, अथवा शाळेत त्याने भलतेच उत्तर दिले, तर हा प्रश्न आपण क्वचितच करितो. हात आधी उठतो, आणि विचार मागाहून येतो. यास्तव ह्या लेखात एका प्रश्नाचा विचार करावयाचे योजिले आहे. मुलाचे चुकीचे उत्तर हा त्याचा अपराध आहे काय? आणि नसेल, तर त्याच्याशी धीराने वागणे ही आपली कृपा आहे, की ते त्याचे आपल्याकडे असलेले देणे आहे?

हा प्रश्न दुसऱ्यांपुढे मांडण्यापूर्वी तो मला स्वतःस विचारावा लागला आहे, म्हणून आधी माझीच हकीकत सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी एका खेड्यात मी संध्याकाळच्या वेळी लहान मुलांस अंक शिकवीत असे. एके दिवशी अंगणात मी चिंचोक्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडल्या. प्रत्येकीत सहा चिंचोके होते. पाच वर्षांच्या एका मुलास मी विचारले, "कोणत्या रांगेत जास्त आहेत?" तो म्हणाला, "दोन्ही सारख्या." मग मी त्याच्या डोळ्यांदेखत एका रांगेतील चिंचोके एकमेकांपासून दूर सरकविले, आणि तोच प्रश्न पुन्हा केला. तो लांब झालेल्या रांगेकडे बोट दाखवून म्हणाला, "हिच्यात जास्त." मी त्यास मोजावयास लाविले. त्याने दोन्ही रांगा बरोबर मोजल्या, सहा आणि सहा; आणि तरीही म्हणाला, "हिच्यात जास्त." मी आवाज चढवून पुन्हा विचारले, तेव्हा त्याने घाबरून आखूड रांगेकडे बोट केले. बाकीची मुले हसली. मला वाटले, हा माझी थट्टा करीत आहे. मी त्यास अंगठे धरून उभे केले. दुसऱ्या दिवसापासून तो येईनासा झाला. आठ-दहा दिवसांनी त्याची आई वाटेत भेटली, ती म्हणाली, "मास्तर, पोरगं म्हणतं, मला काही येत नाही; मी आपला ढोरांमागं जातो."

त्या दिवशी अंगणात अपराध कोणाचा झाला, हे मला पुढे पुस्तके वाचल्यावर कळले.

जाँ पियाजे नावाचा विद्वान स्वित्झर्लंडातील नशातेल ह्या गावी १८९६ साली जन्मला व १९८० साली जिनीव्हा येथे वारला. मूळचा तो प्राणिशास्त्राचा अभ्यासी. शंखशिंपल्यांत राहणाऱ्या मृदुकाय प्राण्यांचा त्याने बारकाईने अभ्यास केला होता. तरुणपणी तो पॅरिस शहरी आला. तेथे आल्फ्रेद बिने व तेओदोर सिमाँ ह्या दोघांनी १९०५ साली मुलांची बुद्धी मापण्यासाठी एक प्रश्नमाला तयार केली होती. बिने पुढे वारला, व सिमाँने ह्या तरुणास एक काम सोपविले. ते असे की, इंग्रजीत तयार झालेले काही बुद्धिमापनाचे प्रश्न फ्रेंच मुलांस विचारावे, आणि कोणत्या वयाची मुले किती उत्तरे बरोबर देतात ते नोंदवावे. काम कंटाळवाणे होते. उत्तर बरोबर आले तर गुण द्यावयाचा, चुकले तर शून्य मांडावयाचे, आणि पुढच्या मुलाकडे वळावयाचे. परंतु पियाजेची दृष्टी त्या शून्यावरच खिळली. त्यास आढळले की, एका वयाची मुले बहुधा एकाच तऱ्हेने चुकतात. मुले केवळ अज्ञानाने अथवा दुर्लक्षाने चुकत असती, तर प्रत्येकाची चूक निराळी झाली असती. ज्या अर्थी चुका एकसारख्या आहेत, त्या अर्थी त्यांच्या मागे काही विचार असला पाहिजे. तेव्हा तो मुलांजवळ बसून विचारू लागला, "तुला असे का वाटते?" पुढे १९२१ साली तो जिनीव्हास गेला, आणि जन्मभर त्याने हाच प्रश्न पुढे चालविला. त्याच्या स्वतःच्या तीन मुलांचे तान्हेपणापासूनचे वागणेही त्याने दिवसेंदिवस लिहून ठेविले आहे.

त्याचा एक प्रयोग कोणासही घरी करून पाहता येईल. सारख्या दोन पेल्यांत सारखेच पाणी घ्यावे. पाच वर्षांचे मूल म्हणेल, दोन्हींत सारखे आहे. मग एका पेल्यातील पाणी त्याच्यासमोर एका उंच, अरुंद भांड्यात ओतावे. आता ते मूल बहुधा म्हणेल, उंच भांड्यात जास्त आहे. पाणी कोठून आले नाही, कोठे गेले नाही, हे त्याने डोळ्यांनी पाहिले. तरी पाण्याची उंची त्याच्या मनास ओढून नेते. भांड्याची रुंदी कमी झाली, आणि पाणी परत ओतले तर पूर्वीसारखेच होईल, ह्या दोन गोष्टी एकाच वेळी मनात धरण्याचे बळ त्यास अद्याप आलेले नसते. पियाजेच्या मते हे बळ सुमारे सातव्या वर्षी येऊ लागते. त्याने मुलाच्या बुद्धीच्या वाढीचे चार टप्पे सांगितले. पहिली दोन वर्षे मूल हातांनी व इंद्रियांनी जग ओळखते. मग सुमारे सातव्या वर्षापर्यंत ते बोलते, कल्पना करिते, परंतु जे दिसते त्यावर विसंबते. पुढे अकरा-बारा वर्षांपर्यंत समोरच्या वस्तूंविषयी त्यास सुसंगत विचार करिता येतो. आणि त्यानंतर जे समोर नाही, त्याविषयीही तर्क चालविता येतो.

हे सर्व परक्या देशातील पंडितांचे म्हणणे आहे, आपल्या खेड्यांशी ह्याचा संबंध काय, असे कोणी म्हणेल. त्याने आपल्या घरच्या चुलीपाशी जाऊन पाहावे. लहानगे मूल रडते की, दादास दोन तुकडे आणि मला एकच. आई त्याच्याच भाकरीचे मोडून तीन तुकडे करिते, आणि मूल हसू लागते. त्या माउलीने एकही पुस्तक वाचलेले नसते. तरी ते मूल लबाड नाही, वेडेही नाही, त्यास अजून तसेच दिसते, हे ती पक्के जाणते. म्हणून ती त्यास मारीत नाही. मी मात्र अंगणात नेमक्या ह्याच गोष्टीसाठी एका मुलास शिक्षा केली.

आता शिकणे म्हणजे काय, ह्याविषयी पियाजेने जे सांगितले तेही ध्यानात घेण्याजोगे आहे. घागरीत पाणी ओतावे तसे ज्ञान मुलात ओतता येत नाही. मूल ते आपल्या ठायी उभारीत असते. घरच्या कुत्र्यास भूभू म्हणावयास शिकलेले मूल शेळीसही भूभू म्हणते. म्हणजे नवी वस्तू ते जुन्या समजुतीत सामावून घेऊ पाहते. मग शेळी भुंकत नाही, तिला शिंगे आहेत, असे दिसू लागते, आणि समजुतीसच बदलावे लागते. चूक होते, ती जाणवते, आणि समजूत वाढते. जो शिक्षक चुकीस जागाच देत नाही, तो वाढीचा मार्गच बंद करितो. प्रश्नोत्तरे पाठ म्हणवून घेणाऱ्या आपल्या उपदेशक बंधूंनीही हे मनन करावे. मुलाने शब्द बिनचूक म्हटले, एवढ्यावरून त्याच्या मनात ते कोणत्या अर्थाने बसले हे कळत नाही.

येथपर्यंत बुद्धीच्या चुकांविषयी झाले. परंतु पियाजेने मुलाच्या नीतिबुद्धीचाही शोध केला, व १९३२ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात तो मुलांस दोन गोष्टी सांगून त्यांचे मत विचारी. एका मुलास जेवावयास बोलाविले. त्याने दार उघडले. दारामागे खुर्चीवर तबक होते हे त्यास ठाऊक नव्हते. दाराचा धक्का लागून तबकातील पंधरा पेले फुटले. दुसऱ्या मुलाने आई बाहेर गेलेली पाहून कपाटातील मुरंबा चोरून खाण्यासाठी खुर्चीवर चढून हात घातला, आणि एक पेला पडून फुटला. दोघांत अधिक वाईट कोण? सात-आठ वर्षांखालील पुष्कळ मुलांनी उत्तर दिले की, पंधरा पेले फोडणारा. नऊ-दहा वर्षांची मुले बहुधा म्हणत की, चोरून खाणारा. लहान मूल नुकसान मोजते. मोठे मूल हेतू पाहू लागते.

ह्यावर पियाजेने जे म्हटले आहे ते आपणां मोठ्यांस झोंबणारे आहे. मुलाच्या ह्या समजुतीस घरातील मोठी माणसेच पुष्कळदा खतपाणी घालितात. आपला राग हेतूच्या मापाने चढत नाही, तो फुटलेल्या भांड्यांच्या संख्येने चढतो. मदत करावयास धावलेल्या मुलाच्या हातून दुधाचे पातेले सांडले तर त्यास मार बसतो, आणि ज्याने मुद्दाम धाकट्यास ढकलले पण काही मोडले नाही, तो सुटतो. अशा घरात वाढणारे मूल काय शिकेल? दोष मनात नसून मोडलेल्या वस्तूत असतो, आणि पकडले न जाणे म्हणजेच निर्दोष असणे, हेच ते शिकेल. आपण देतो तो न्याय मुलाच्या नीतीचा पहिला धडा असतो. म्हणून मुलाच्या चुकीचा न्याय नीट करणे हे केवळ मायेचे काम नसून धर्माचे काम आहे.

आता येथे दोन आक्षेप निघतात, त्यांस उत्तर देणे अवश्य आहे.

पहिला आक्षेप असा. मूल जर आपल्या वयाच्या मानाने आपोआप समजू लागते, तर मग शिकवावयाचे कशास? चुकू द्यावे आणि वाट पाहावी. ह्याचे उत्तर लेव्ह व्हायगॉट्स्की ह्या विद्वानाने दिले. तोही १८९६ सालीच, रशियन साम्राज्यात जन्मला. परंतु क्षयरोगाने १९३४ साली, अवघ्या ३७ व्या वर्षी वारला. पुढे १९३६ पासून त्याचे विचार त्याच्या देशात कित्येक वर्षे दाबून ठेविले गेले. त्याने असा दाखला दिला की, दहा-दहा वर्षांची दोन मुले घ्या. एकट्याने सोडविण्यास दिलेल्या उदाहरणांवरून दोघांची बुद्धी आठ वर्षांच्या मुलाएवढी ठरते. मग दोघांस थोडी मदत करा; एखादी खूण दाखवा, एखादा प्रश्न सुचवा. तेव्हा एक नऊ वर्षांच्या मुलाची उदाहरणे सोडवितो, आणि दुसरा बारा वर्षांच्या. ही दोन मुले सारखी म्हणावी काय? मूल आज एकट्याने काय करिते आणि दुसऱ्याच्या मदतीने काय करू शकते, ह्या दोहोंमधील जी जागा, तीच शिकविण्याची खरी जागा होय. भिंत बांधिताना गवंडी परांची उभी करितो, आणि भिंत झाली की ती काढून घेतो. १९७६ साली वुड, ब्रूनर व रॉस ह्या तिघांनी शिक्षकाच्या मदतीस हीच परांचीची उपमा दिली. तेव्हा नुसते वाट पाहणे म्हणजे धीर नव्हे. ती हयगय होय.

दुसरा आक्षेप जुना आहे. छडीवाचून विद्या येत नाही. आम्ही मार खाल्ला म्हणून शिकलो. ह्या मतास एके काळी शास्त्राचाही आधार होता. अमेरिकेतील एडवर्ड थॉर्नडाइक (१८७४ ते १९४९) ह्याने मांजरांस पेटीत कोंडून प्रयोग केले, व १८९८ साली ते प्रसिद्ध केले. धडपडता धडपडता एखाद्या मांजराच्या हातून खटका दाबला जाई, दार उघडे, आणि त्यास बाहेर अन्न मिळे; पुढच्या खेपांस ते अधिकाधिक लवकर दार उघडी. ह्यावरून त्याने नियम बांधिला की, ज्या कृतीचे फळ सुखकर ती दृढ होते, ज्या कृतीचे फळ दुःखकर ती सुटते. परंतु पुढे माणसांवर प्रयोग केल्यावर १९३२ च्या सुमारास त्याने स्वतःच आपला नियम अर्धा मागे घेतला. बक्षिसाने बरोबर उत्तर दृढ होते हे खरे. पण शिक्षेने चुकीचे उत्तर तितक्या मानाने पुसले जात नाही, असे त्यास आढळले. शिक्षेने मूल काय करू नये ते कदाचित समजेल; काय करावे ते त्यास कसे समजणार? शिवाय आता हा प्रश्न केवळ मतभेदाचा राहिलेला नाही. २००९ सालच्या शिक्षणहक्काच्या कायद्याने, जो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला, शाळेत मुलास शारीरिक शिक्षा करणे व त्याचा मानसिक छळ करणे ह्या दोहोंसही मनाई केली आहे. अंगठे धरावयास लावून हशा पिकविणे हे दोहोंत मोडते.

तथापि, वाचकहो, येथे थांबून पियाजेचे टप्पे तेवढे पाठ करून ठेविले, तर आपण छडीच्या जागी दुसरी छडी घेऊ. "हा सात वर्षांखालचा आहे, ह्यास समजावयाचेच नाही," असे म्हणणे हाही अन्यायच आहे. पियाजे स्वतः मुलांचे ऐकावयास बसला होता, तरी त्याच्या विचारण्यातही दोष निघाला. १९७४ साली सुझन रोझ व मॅरियन ब्लँक ह्या दोन विदुषींनी दाखविले की, वस्तूंची मांडणी बदलण्यापूर्वी एकदा व बदलल्यावर पुन्हा, असा एकच प्रश्न दोनदा न विचारता, बदलल्यावर एकदाच विचारला, तर सहा वर्षांची मुले कमी चुकतात. कारण उघड आहे. मोठ्या माणसाने तोच प्रश्न पुन्हा केला, म्हणजे आपले पहिले उत्तर चुकले असावे, असे मूल समजते. त्याच सुमारास एडिंबरो येथील मार्गारेट डोनाल्डसन व जेम्स मॅकगॅरिगल ह्यांनी आणखी एक युक्ती केली. रांगेतील वस्तू शिक्षकाने न सरकविता, एक खोडकर अस्वलाचे बाहुले येऊन त्या विस्कटते, असा खेळ मांडला. तेव्हा चार ते सहा वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिक मुलांनी "सारख्याच आहेत" असे बरोबर सांगितले. शिक्षकाने स्वतः सरकविले असता थोडक्याच मुलांनी तसे सांगितले होते. शिक्षक मुद्दाम काही बदलतो, त्या अर्थी तो त्या बदलाविषयीच विचारीत असावा, असा मुलाचा तर्क होता. तो तर्क मूर्खपणाचा नव्हे.

ह्याच कारणाने गरिबांची व रानावनांतील मुले पुष्कळदा "ढ" ठरतात. प्रश्न परक्या भाषेत, परक्या वस्तूंविषयी, परक्या जागी विचारला जातो; आणि न कळलेला प्रश्न मुलाच्या बुद्धीवर लादला जातो. ताराबाई मोडक व त्यांच्या सहकारी अनुताई वाघ ह्यांनी १९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे, आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांत जे काम केले, त्याचे मर्म येथे आहे. मूल शाळेत येत नाही, तर त्या शाळाच मुलाच्या अंगणात घेऊन गेल्या. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणातच शाळा भरविली. महागडी साधने नव्हती, तेथे खडे, पाने, बिया व शिंपले ह्यांनी शिकविले. ज्यांस शिक्षण झेपणार नाही असे लोक म्हणत, ती मुले शिकू लागली. मुले तीच होती. शिकविण्याची जागा आणि तऱ्हा तेवढी बदलली होती.

आता माझ्या त्या विद्यार्थ्याकडे परत येतो. हे सर्व वाचनात येण्यास वेळ लागला, परंतु त्याच्या आईचे शब्द मला चैन पडू देईनात, म्हणून मी लवकरच एका दुपारी माळावर त्याच्याकडे गेलो. तो बाभळीखाली बसला होता. मी म्हटले, "बाळ, त्या दिवशी माझे चुकले. पण मला सांग, ती रांग तुला जास्त का वाटली?" तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "मास्तर, तुम्हीच ती ओढून लांब केली ना? ती पार पायरीपर्यंत गेली." मी विचारले, "मग शेवटी दुसऱ्या रांगेकडे बोट का केलेस?" तो म्हणाला, "तुम्ही सारखं सारखं विचारत होता. मला वाटलं, माझं चुकलं असंल." त्या मुलाने दोन्ही वेळा विचार केला होता. विचार केला नव्हता तो मी.

तो पुन्हा येऊ लागला. मी त्यास रांगा दाखविल्या नाहीत. चिंचोके त्याच्याच हाती दिले, आणि त्यास वाटेल तसे मांडू, मोडू व पुन्हा जुळवू दिले. कित्येक महिन्यांनी एके दिवशी तो आपणच हसून म्हणाला, "कसेही ठेवा, मास्तर, सहाच." हे उत्तर मी त्यास शिकविले असे मला म्हणता येत नाही. परंतु ते येण्याच्या वाटेवर मी आडवा पडलो होतो, तो बाजूस झालो, आणि हाताशी राहिलो, एवढे खरे.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते. जे दिसण्याचे बळ मुलास अद्याप आलेले नाही, ते न दिसणे हा अपराध नव्हे. आणि जो अपराध नव्हे त्यास शिक्षा करणे हा अन्याय होय, मग तो करणारा पिता असो, शिक्षक असो वा उपदेशक असो. जाणूनबुजून केलेल्या खोडीस समज द्यावीच लागते, हे मी नाकारीत नाही. परंतु ती खोडी होती की समजुतीची उणीव होती, हे विचारल्यावाचून कळत नाही. यास्तव चूक दिसताच आधी "तुला असे का वाटले?" म्हणून विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. एकच प्रश्न कपाळास आठ्या घालून पुन्हा पुन्हा करू नये. आणि पुढील एक पाऊल टाकण्यापुरता हात द्यावा, त्याहून अधिक नाही. आपण सर्वांनीच लहानपणी लांब रांगेस अधिक म्हटले आहे. कोणीतरी आपल्यासाठी थांबले, म्हणून आपण पुढे आलो. जे आपणांस मिळाले तेच मुलांस परत करावयाचे आहे. ती कृपा नव्हे. ते देणे आहे.